गौराबाईंची कावीळ

डॉक्टरांना घरूनच दाखवायचं असं सांबप्पांनी ठरवलं, ते बायकोच्या, म्हणजे गौराबाईंच्या सोयीसाठी, असं ते पुढं बरेच दिवस सांगत राहिले. खरं कारण पॉलिशचा ड्रम होता.

ज्यांनी हळद फक्त डब्यात पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शेतातून हळद निघाली की ती शिजवायची, खळ्यावर वाळवायची आणि कडक वाळली की ट्रॅक्टरवर चालणाऱ्या एका मोठ्या ड्रममध्ये घालून गरागरा फिरवायची. कांड्या चकचकीत होतात आणि निघालेली सगळी भुकटी आसपास उभ्या असलेल्या माणसांवर जाऊन बसते. हा ड्रम भाड्याचा असतो. हंगामात तो पूर्णेच्या आजूबाजूच्या गावांतून पाळीपाळीनं फिरतो आणि नव्या जावयासारखा भाव खातो. एकदा पाळी चुकली की तो परत कधी येईल हे त्याच्या मालकालाही सांगता येत नाही.

सांबप्पांच्या खळ्यावर ड्रम आला त्याच सकाळी गौराबाई पाण्याची कळशी घेऊन येता येता पायरीवर मटकन बसल्या.

"काय झालं गं?" सांबप्पा धावत आले.

"काई न्हाई. अंधारी आली," गौराबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या.

गौराबाईंना दम लागतो, दोन पायऱ्या चढल्या की त्या छातीवर हात ठेवून उभ्या राहतात, ताटातली भाकरी अर्धी उरते, हे सांबप्पांना गेलं वर्षभर दिसत होतं. दवाखान्यात जाऊ, असं ते म्हणतही होते. पण आधी सोयाबीन काढायचं होतं, मग सोमेश्वरचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, लग्न आलं, मग हळद निघाली. त्या घरात दवाखाना कायम कशाच्या तरी नंतर असायचा. आणि गौराबाई स्वतःहून हट्ट धरतील अशातल्या नव्हत्या.

आज मात्र सांबप्पा घाबरले. या बाईशिवाय घर म्हणजे काय, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि तो त्यांनी घाईघाईनं हाकलून दिला. आता इलाज एकच, तालुक्याच्या दवाखान्यात पूर्णेला नेणं. पण पूर्णेला जायचं म्हणजे एसटीची वाट बघण्यापासून सुरुवात, तिथं नंबर लावा, मग परभणीला पाठवलं तर तिकडं जा. सगळा दिवस गेला. आणि इकडं ड्रम?

तेव्हा त्यांना फोन आठवला.

झालं होतं असं, की मागच्या पावसाळ्यात खोकला झाला म्हणून ते शेजारच्या गावच्या उपकेंद्रात गेले होते. तिथल्या राजेश्री सिस्टरांनी त्यांना स्क्रीनवर एका डॉक्टरशी बोलायला लावलं, गोळ्या दिल्या आणि खोकला गेला. शिवाय सांबप्पांच्या फोनवर ते सरकारी ॲपही टाकून दिलं. "पण असं एकदम घरून लावू नका हं काका," सिस्टर म्हणाल्या होत्या, "आधी माझ्याकडं या. मी बीपी, रक्त बघते, मग आपण डॉक्टरांशी बोलू." यातलं 'डॉक्टरांशी बोलू' एवढंच सांबप्पांच्या लक्षात राहिलं. तेव्हापासून ते गावातले ऑनलाइन दवाखान्याचे एकमेव जाणकार होते. (एकदा विमानात बसलेला माणूस जसा विमानाबद्दल बोलतो, तसे ते या विषयावर बोलत.)

त्यांनी गौराबाईंना खळ्यावर नेऊन बाजेवर बसवलं, म्हणजे डॉक्टरकडेही लक्ष राहील आणि ड्रमकडेही. फोन काढला. डॉक्टरांना चित्र स्वच्छ दिसावं म्हणून कॅमेऱ्याची काच धोतराच्या सोग्यानं नीट चोळून पुसली. मागची पुसली आणि पुढचीही पुसली. (त्या सोग्याचा मूळ रंग कोणता, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं.) मग ॲप उघडलं.

बऱ्याच वेळानं पडद्यावर एक तरुण डॉक्टरबाई आल्या. डॉक्टर अर्पिता असं नाव खाली लिहिलेलं होतं. त्या पुण्यात कुठंतरी बसलेल्या होत्या.

"शरणार्थ मॅडम," सांबप्पांनी हात जोडले. त्यामुळं फोन खाली पडला. तो उचलून त्यांनी पुन्हा हात जोडायचा बेत सोडून दिला.

"नमस्कार. पेशंट कोण आहेत?"

"आमची मंडळी."

"वय काय त्यांचं?"

"आसंल की पन्नाशीच्या पुढं."

"त्यांना बोलू द्या ना. काय होतंय तुम्हाला?"

गौराबाईंनी पदर सारखा केला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात सांबप्पा म्हणाले, "ती काय सांगनार? मी सांगतो. दम लागायलाय. चक्कर येयलीय. जेवन तर चिमनीएवढं."

"थकवा?"

"लय."

"मळमळ?"

सांबप्पांनी गौराबाईंकडं पाहिलं. गौराबाईंनी खांदे उडवले. "आसंल," सांबप्पा म्हणाले. डॉक्टर एवढं विचारतायत तर नाही कसं म्हणायचं?

डॉक्टरबाई पडद्याच्या जवळ सरकल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "जरा त्यांचे हात दाखवा. हं. हे हात असे पिवळे कधीपासून आहेत?"

"पंधरा-ईस दिस झाले की," सांबप्पा म्हणाले. हळदीच्या दिवसांत हात पिवळे का, हे कोणाला सांगावं लागतं, अशी शंकाही त्यांच्या मनाला शिवली नाही. त्यांच्या गावात ते दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं.

"पंधरा-वीस दिवस! आणि याआधी कधी झालं होतं असं?"

"दरसाल व्हतंय."

"दरवर्षी?"

"दरसाल, ह्याच महिन्यात. पाडव्यापस्तोर राहतंय, मंग आपूआप जातंय."

डॉक्टरबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "आणि काही औषध?"

"त्याला कायचं औषध? साबनानं सुदिक जात न्हाई."

"घरात आणखी कुणाला आहे का असं?"

"सगळ्यायलाच हाय की!" असं म्हणून सांबप्पांनी उत्साहानं फोन गर्रकन फिरवला. आधी त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे दाखवले. मग हळद भरणारी चतुराबाई आणि तिच्याबरोबरच्या सात-आठ बायका दाखवल्या. फोटो काढतायत असं समजून बायकांनी पदर डोक्यावर घेतले आणि हसून हात हलवले. मग शेजारचे किशनराव दाखवले. ते ड्रमशी उभे होते आणि नखशिखान्त पिवळे होते.

"पाणी कुठलं पिता तुम्ही सगळे?" डॉक्टरबाईंचा आवाज बदलला होता.

"हिरीचं. सगळे एकाच हिरीचं."

"बाईंच्या डोळ्याची खालची पापणी जरा ओढून दाखवा."

सांबप्पांनी पापणी ओढली. सोग्यानं पुसलेल्या कॅमेऱ्यातून पुण्यात जे काही दिसलं असेल ते दिसलं.

"काका, नीट ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कॅमेऱ्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. पण मला डोळे पिवळे दिसतायत. कावीळ असू शकते. आणि इतक्या जणांना एकदम म्हणजे पाण्यातून आली असेल. आजच्या आज सगळ्यांचं रक्त तपासायला हवं. मी तुमच्या आरोग्य केंद्राला कळवते. पाणी उकळून प्या. आणि या बाईंना कामाला हात लावू देऊ नका."

फोन बंद झाला. सांबप्पा तिथंच उकिडवे बसले.

हाताचं एक वेळ ठीक. हात हळदीनं पिवळे होतात. पण डोळे? डोळ्यात कोणी हळद घालत नाही. त्यांनी गौराबाईंच्या डोळ्यात वाकून पाहिलं. डोक्यावर पिवळी ताडपत्री, समोर हळदीचा ढीग, हवेत भुकटी. डोळे काय, आभाळसुद्धा पिवळं दिसत होतं.

"काय म्हनल्या?" गौराबाईंनी विचारलं.

"काई न्हाई. तू पडून ऱ्हा," सांबप्पा म्हणाले.

पण मागं किशनराव उभे होते, आणि किशनरावांच्या कानावर पडलेली गोष्ट गावाला सांगायला दवंडीची गरज नसे. अर्ध्या तासात गावभर झालं, की सांबप्पाच्या विहिरीनं कावीळ आली आणि पुण्याच्या डॉक्टरनं फोनमधून ती पाहिली. चतुराबाईनं टोपली खाली ठेवली आणि बायकांना घेऊन ती ताडपत्रीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. बायका एकमेकींचे डोळे तपासू लागल्या. सगळ्यांचे पिवळे निघाले. ड्रमवाल्यानं स्वतःचा चेहरा ट्रॅक्टरच्या आरशात पाहिला, ड्रम जोडला आणि भाडं न मागता तो गावाबाहेर पडला. ज्या ड्रमसाठी सांबप्पांनी हा उद्योग केला, तो अर्धी हळद तशीच ठेवून त्यांच्या डोळ्यांदेखत चालला होता. पण त्या घडीला त्यांना त्याची फिकीर नव्हती.

त्यांनी घरात हुकूम सोडला, की वरणात हळद घालायची नाही. काविळीला पिवळं चालत नाही, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं. त्या दिवशी, घरात पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत असताना, सांबप्पांनी पांढरं वरण रांधून गौराबाईंना भरवलं. (ते वरण कसं झालं होतं, याबद्दल गौराबाईंनी अजून मत दिलेलं नाही.) किशनरावांनी तेवढ्यात मोटारसायकल काढून कुठूनतरी काविळीच्या माळा आणल्या. त्या औषधी काड्यांच्या माळा गळ्यात घातल्या की कावीळ उतरते, असं म्हणतात. त्यांनी बारा आणल्या होत्या, त्या पुरल्या नाहीत, म्हणून पुन्हा जाऊन आणल्या.

दुपारी आरोग्य खात्याची जीप आली. आधी एक डॉक्टर उतरले, मग रक्त तपासणारा माणूस आणि शेवटी राजेश्री सिस्टर. समोर सगळं गाव रांगेत उभं होतं. प्रत्येकाच्या अंगाला हळद आणि प्रत्येकाच्या गळ्यात माळ.

"इथं लग्न आहे का कुणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

सिस्टरांनी रांगेकडं पाहिलं. मग खळ्यावरच्या हळदीच्या ढिगाकडं पाहिलं. मग सांबप्पांकडं. "काका," त्या म्हणाल्या, "फोन बघू तुमचा."

त्यांनी पिशवीतून कापूस काढला, स्पिरिटमध्ये भिजवला आणि कॅमेऱ्याची काच पुसली. कापूस पिवळाधमक झाला. तो त्यांनी सगळ्यांना दिसेल असा वर धरला. मग साफ झालेला फोन सांबप्पांच्या तोंडासमोर धरला. त्यात सांबप्पांचे डोळे होते तसे दिसत होते, म्हणजे पांढरे, मोठे आणि अतिशय ओशाळलेले.

चतुराबाई आधी हसली. मग सगळं गाव हसलं. डॉक्टर जीपच्या दाराला धरून हसले. किशनरावांनी हळूच माळ काढून खिशात घातली आणि ते सगळ्यांत मोठ्यानं हसले. "हळदीला कावीळ झाली रे सांबप्पाच्या!" ते ओरडले. सांबप्पांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जमीन काही घेईना, म्हणून ते म्हणाले, "चहा तरी घेऊन जावा साहेब. एवढ्या लांबून आलात."

"चहा घेऊ," सिस्टर म्हणाल्या, "पण फोन केला होता कशासाठी? कुणाला बरं नव्हतं?"

सगळ्यांनी गौराबाईंकडं पाहिलं. खरं म्हणजे सकाळपासून त्यांच्याकडं कोणी नीट पाहिलंच नव्हतं. सगळे पिवळ्या रंगाकडं पाहत होते. त्या बाजेवर तशाच टेकून बसल्या होत्या. त्या हसतही नव्हत्या. हसायलाही दम लागतो.

सिस्टरांनी बादलीभर पाणी मागवलं. साबण लावून, दगडानं घासून गौराबाईंचे हात धुतले. हळद पुरती गेली नाही, पण नखं स्वच्छ झाली. तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. मग सावलीत नेऊन डोळ्याची पापणी खाली ओढली. आणि सिस्टरांचं हसू थांबलं.

"साहेब, जरा इकडं या," त्या म्हणाल्या.

पापणी आतून पांढरी होती. नखंही पांढरी होती. हळदीखाली गौराबाई कागदासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि हळदीनं ते झाकून टाकलं होतं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन यंत्राला लावलं.

"हिमोग्लोबिन पाच पूर्णांक दोन," यंत्रवाला म्हणाला.

"पास व्हायला किती लागतंय?" सांबप्पांनी विचारलं.

"बारा पाहिजे काका," सिस्टर म्हणाल्या.

सांबप्पांनी मनाशी हिशेब केला. "म्हंजे निम्मंबी न्हाई?"

"निम्मंही नाही. या अंगानं त्या कळशी कशी उचलत होत्या, हेच मला कळत नाही. आजच परभणीला न्यावं लागेल. रक्त चढवावं लागेल."

एवढी वर्षं एका घरात राहून, या बाईच्या हातचं खाऊन, तिचा हात एकदाही नीट धुऊन पाहिला नाही, याची सांबप्पांना मनापासून लाज वाटली. ती लाज मघाच्या हसण्यानं आलेल्या लाजेपेक्षा फार मोठी होती. त्यांनी गळ्यातल्या चांदीच्या डबीवर, आत पूजेचं इष्टलिंग असतं तिच्यावर, हात ठेवला आणि डोळे मिटले.

मग ज्या जीपला ते चहा पाजून वाटेला लावणार होते, त्याच जीपमध्ये गौराबाईंना बसवून ते परभणीला गेले. वाटेत सोमेश्वरला फोन केला. तो रेल्वेतली ड्युटी बदलून धावत आला. सांबप्पा रक्त द्यायला सगळ्यांत पुढं उभे होते, पण त्यांचा बीपी इतका चढला होता, की तिथल्या नर्सनं त्यांना बाजूच्या खाटेवर आडवं केलं. (एका बाजूला गौराबाई, दुसऱ्या बाजूला सांबप्पा आणि मधे सोमेश्वर. पेशंट कोण हे त्यालाही कळेना.) शेवटी रक्त सोमेश्वरनं दिलं.

परभणीतल्या डॉक्टरांनी बाकीच्या सगळ्या तपासण्या केल्या. दुसरं मोठं काही निघालं नाही. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मागून जेवायचं, उरलं तर खायचं, सोमवार धरायचा, प्रदोष धरायचा आणि काम मात्र कोणत्याच वारी सोडायचं नाही, यानं रक्त आटत गेलं होतं. "आणखी महिना गेला असता तर अवघड होतं," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा सांबप्पांनी मनाशी दिवस मोजले.

हळद विकून झाल्यावर जाऊ, असं ते म्हणणारच होते. हळद विकायला अजून महिना होता.

गौराबाई घरी आल्या. गोळ्या सुरू झाल्या. पालक, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू झाले. उपवास डॉक्टरांच्या हुकमानं बंद झाले. आता गौराबाई सगळ्यांच्या आधी जेवायला बसत आणि सांबप्पा वाढत.

दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं ठरलं. या वेळी सांबप्पांनी फोनला हात लावला नाही. ते गौराबाईंना घेऊन सरळ उपकेंद्रात गेले. सिस्टरांनी रक्त तपासलं, ते साडेदहा निघालं. मग लॅपटॉप लावला आणि डॉक्टर अर्पिता पडद्यावर आल्या.

"काका, मला सगळं कळलं," त्या हसत हसत म्हणाल्या. "माझंच चुकलं. मी विचारायला हवं होतं, की गावात काय पिकतं."

"न्हाई मॅडम," सांबप्पा म्हणाले. "तुमी बरोबर सांगितलं आस्तं, की आठ दिसांत सवडीनं दाखवून घ्या, तर मी सवडच काढली नस्ती. मला वळखतो मी. तुमी त्या दिशी जीप धाडली म्हनून ही आज हितं बसलीय. तुमी आमच्या कोन, कुठल्या? पन आमच्या घरात तुमचं नाव रोज निघतंय. सिस्टरचं बी निघतंय. लय उपकार झाले."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. सिस्टर उगीचच खिडकीबाहेर बघू लागल्या.

सांबप्पा एवढ्यावर थांबले असते तर प्रसंग शोभून दिसला असता. पण त्यांनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला. उपकार करणाऱ्याचा सत्कार करायची त्यांच्याकडं रीत होती, आणि माणूस पुण्यात आहे एवढ्यानं रीत मोडत नाही. त्यांनी नारळ लॅपटॉपपुढं ठेवला, शाल उलगडली आणि मोठ्या आदरानं लॅपटॉपला पांघरली.

"काका," शालीतून आवाज आला, "मला काहीच दिसत नाहीये."

"आवं, काढा की ती शाल!" गौराबाई कडाडल्या. "बाईला अंधारात बसवलंय आन् हात जोडून हुभे ऱ्हायलेत! आन् नारळ खाली पडायलाय, तो धरा आदी!"

सांबप्पांनी शाल काढली आणि नारळ धरला.

"अरे वा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आवाज तर छान खणखणीत झालाय! आधी तर त्या बोलतच नव्हत्या."

सांबप्पांनी मान हलवली. इथं एक गोष्ट सांगायला हवी. लग्न झालं तेव्हापासून गौराबाईंचा आवाज हा असाच होता. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्या हळूहळू गप्प होत गेल्या होत्या. सांबप्पांनी याचा अर्थ असा लावला होता, की अखेर आपला धाक बसला. चार माणसांत ते हे कौतुकानं सांगतही. किशनरावांनी तर एकदा त्यांना विचारलंही होतं, की हे जमवलं कसं. सांबप्पांनी त्यांना तासभर उपदेश केला होता.

धाकाचा काही संबंध नव्हता. रक्त कमी होतं.

"मॅडम," सांबप्पांनी खालच्या आवाजात विचारलं, "त्या गोळ्या आनखी किती दिस घ्यायच्या?"

"अजून तीन महिने तरी. का? काही त्रास होतोय का गोळ्यांचा?"

"तिला न्हाई व्हत," सांबप्पा म्हणाले. "मंग गोळ्या सरल्या की?"

"मग काळजी नाही. खाणंपिणं नीट ठेवलं, तर तब्येत कायम अशीच राहील."

"कायम अशीच?"

"अगदी अशीच!" डॉक्टरबाई आनंदानं म्हणाल्या.

"झालं न्हवं तुमचं?" गौराबाई उठत म्हणाल्या. "चला आता. आन् ती पिशवी घ्या."

सांबप्पांनी पिशवी घेतली.